विहिरीच्या पाण्याचा जमाखर्च



महसूल खात्यांत कारकुनी करतांना एक गोष्ट अंगवळणी पडली : जमा व नांवें या दोन बाजू जुळल्याखेरीज वही बंद होत नाहीं. क्षारांची वहीहि अशीच आहे, आणि तिचा संबंध आपल्या विहिरीशीं येतो. म्हणून हा लेख.

क्षार हे विद्युद्भार असलेल्या सूक्ष्म कणांचे बनतात. या कणांस आयन म्हणतात. सोडियमवर एक धनभार असतो, कॅल्शियमवर दोन. क्लोराइड व फ्लोराइड यांवर एक एक ऋणभार, कार्बोनेटवर दोन. क्षारांत एकूण धन व एकूण ऋण सारखें झालेंच पाहिजे.

म्हणून मिठांत एका सोडियमास एक क्लोराइड. वणी तालुक्यांतील राजूरच्या चुनखडींत एका कॅल्शियमास एक कार्बोनेट, कारण दोहोंचे भार दोन दोन. अमोनियम सल्फेट खतांत मात्र सल्फेटवर दोन ऋण व अमोनियमवर एकच धन. म्हणून एका सल्फेटास दोन अमोनियम लागतात.

आतां विहिरीकडे वळूं. आपल्या जिल्ह्यांत पांढरकवडा व झरी जामणी या भागांतील कित्येक ठिकाणच्या भूजलांत फ्लोराइड मर्यादेबाहेर आढळलें आहे. पाण्यांत कॅल्शियम भरपूर असेल, तर एक कॅल्शियम दोन फ्लोराइड-कणांस जखडतो, आणि हा क्षार फारच थोडा विरघळत असल्यानें बराचसा खालीं बसतो. सोडियमचा फ्लोराइड क्षार मात्र सहज विरघळतो. म्हणून सोडियम अधिक व कॅल्शियम कमी अशा पाण्यांत फ्लोराइड टिकून राहतें. असें पाणी हलकें असतें. त्यांत डाळ लवकर शिजते, म्हणून घरांतील मंडळी त्याची वाखाणणी करतात. परंतु फ्लोराइड चवीनें कळत नाहीं व उकळून जात नाहीं.

भारतीय मानकाप्रमाणें लिटरमागें १ मिलिग्रॅम फ्लोराइड चालतें. दुसरें पाणीच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून अधिक असलेलें पाणी वर्षानुवर्षें प्याल्यास मुलांच्या दांतांवर डाग पडतात व पुढें हाडें आणि सांधे ताठरतात.

नुसता चुना टाकून हें काम भागत नाहीं, कारण तो क्षार थोडा तरी विरघळतोच. नागपूरच्या नीरी संस्थेनें सिद्ध केलेल्या नलगोंडा पद्धतींत तुरटी व चुना मोजून वापरतात. अंदाजानें तो प्रयोग करूं नये. प्रथम पाणी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें, आणि दोष निघाल्यास पिण्यासाठीं दुसरी विहीर धरावी. ताळा पाहिल्याविना आपण वहीवर सही करीत नाहीं. पाणीहि तपासल्याविना मुलांस पाजूं नये.