टीईटीत वाचनावर काय विचारतात? डहाणू-तलासरीतल्या गुरुजींनी आणि डीएडवाल्यांनी तयारी कशी करावी

डहाणू/तलासरी : पाड्यावरच्या शाळेत वीस वर्षं फळ्यासमोर उभे असलेले गुरुजी आणि डीएड करून भरतीची वाट बघत बसलेली पोरं, दोघांच्याही पिशवीत सध्या एकच गाईड आहे, टीईटीचं. शिक्षक पात्रता परीक्षा आता फक्त नवीन लागणाऱ्यांची राहिलेली नाही. ज्यांची नोकरी आहे, त्यांनाही ती द्यायची आहे.

आधी कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच वर्षी २३ ऑगस्टला राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी ही किमान पात्रता ठरवली. आपल्या राज्यात पहिली टीईटी १५ डिसेंबर २०१३ ला झाली आणि १३ फेब्रुवारी २०१३ नंतरच्या नेमणुकांना ती सक्तीची मानली गेली. त्याआधी लागलेले शिक्षक निवांत होते. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि चित्र पालटलं. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ शिल्लक असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी निकालापासून दोन वर्षांत टीईटी पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडावी लागेल, असं त्यात म्हटलं आहे. पाच वर्षांपेक्षा कमी उरलेल्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला आहे. शिक्षक संघटनांचा या सक्तीला विरोध आहे, आणि इतकी वर्षं शिकवलेल्या माणसाला परत परीक्षेला बसवणं अनेकांना पटत नाही. ते बरोबर की चूक हा वाद चालू राहील. तोवर अभ्यास थांबवून ठेवणं मात्र परवडणारं नाही, कारण दोन वर्षांचा काळ शाळेच्या कामात कधी निघून जातो ते कळत नाही.

परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. पेपर एकमध्ये १५० प्रश्न, १५० गुण, वेळ अडीच तास. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, भाषा एक, भाषा दोन, गणित आणि परिसर अभ्यास असे पाच विभाग, प्रत्येकाला ३० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणजे एकही गोल रिकामा सोडायचा नाही. खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० गुण लागतात, राखीव गटाला ५५ टक्के. एकदा पास झालं की प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. आधी ते सात वर्षांचंच होतं.

बहुतेकांची तयारी गणित आणि व्याकरणावर जाते. समास, प्रयोग, वाक्प्रचार पाठ होतात. ते लागतंच. पण मूल वाचायला कसं शिकतं, या भागाकडे कुणी फारसं बघत नाही. या विषयावरचे प्रश्न भाषेपेक्षा बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राच्या विभागात जास्त सापडतात. जे सोबत केंद्राची सीटीईटी देणार आहेत त्यांच्यासाठी तर हा भाग मोठाच आहे, कारण तिथे भाषेच्या ३० प्रश्नांपैकी १५ भाषा शिकवण्यावरच असतात. हे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत. वर्गात काय घडतं ते सांगून 'शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल' असं विचारतात. खरं तर पाड्यावरच्या शिक्षकाला हे गुण सगळ्यात सोपे जायला हवेत. रोज तेच तर समोर असतं.

वाचन म्हणजे नेमकं काय

वाचनात दोन कामं एकत्र होतात. एक, कागदावरच्या खुणांचा आवाज ओळखणं. दोन, त्या आवाजातून अर्थ लावणं. पहिलं जमलं आणि दुसरं नाही, तर मूल पोपटासारखं वाचतं. दुसरं जमतं पण पहिलं नाही, तर ते चित्र बघून अंदाजाने बोलतं. परीक्षेतले कितीतरी प्रश्न या दोन गोष्टींतला फरक ओळखता येतो का, एवढंच तपासतात.

नमुना म्हणून एक प्रश्न घेऊ. दुसरीतला मुलगा चित्राशेजारी लिहिलेला 'मासा' हा शब्द 'मासळी' असा वाचतो. शिक्षकाने काय करावं? ओरडून दुरुस्त करावं, दहा वेळा लिहायला लावावं, चित्र झाकून शब्दाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष वेधावं, की सोडून पुढे जावं? उत्तर तिसरं. मुलाला अर्थ कळलाय, त्याची वाट बरोबर आहे. तो फक्त शब्द शेवटपर्यंत बघत नाही. दहा वेळा लिहून घेणारा पर्याय अशा प्रश्नात हमखास असतो आणि हमखास चुकीचा असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी दोनचार गुण सुटतात.

दुसरी ओळखीची तऱ्हा अशी. मुलगी पाठ धडाधड वाचते, पण मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं की गप्प होते. म्हणजे तिला पाठ तोंडपाठ आहे, वाचता येत नाही. हे तपासायला न बघितलेला मजकूर द्यावा लागतो. निपुण भारत अभियानातही म्हणूनच अनोळखी मजकूर धरला आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या या अभियानाचं लक्ष्य २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत, असं आहे. दुसरीसाठी ४५ ते ६० शब्द. हे आकडे पाठ असावेत. पण वेग कशाला मोजतात हेही समजून घ्यावं. मूल एकेका अक्षराशी इतकं झगडत असेल की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरून जातं, तर त्याला अर्थ लागणारच नाही. त्यासाठी वेग बघायचा, शर्यत लावण्यासाठी नाही.

तारपा आणि चिकू

आपल्या लिपीची रीत इंग्रजीहून वेगळी आहे, आणि वाचन शिकवण्याबद्दल मोबाईलवर सापडणारं बरंचसं इंग्रजीवर बेतलेलं असतं. ते जसंच्या तसं उचललं तर गडबड होते. मराठीत अक्षर आणि आवाज यांचं नातं बऱ्यापैकी सरळ आहे, पण अडचणीच्या जागा आहेत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि नंतर वाचायची असते. र चे तर किती अवतार, 'प्रकाश'मध्ये वेगळा, 'सूर्य'मध्ये वेगळा, 'राष्ट्र'मध्ये अजून वेगळा. च आणि ज चे दोन दोन उच्चार. 'चाक' आणि 'चार', 'जवळ' आणि 'जग' मोठ्याने म्हणून बघा. लिहिताना एकच, बोलताना दोन. मूल 'चाक' वाचताना चुकलं तर ते ढ नाही, त्याला कुणी हा फरक सांगितलेलाच नाही.

आता अ ते ज्ञ सगळी अक्षरं आधी आणि शब्द नंतर, की उलट? जुन्या पद्धतीत मूल वर्षभर मुळाक्षरं आणि बाराखडी घोकायचं आणि शेवटी एखादा शब्द वाचायचं. आता थोडी अक्षरं घेऊन लगेच शब्द करण्यावर भर आहे. उदाहरणार्थ त, र, प ही तीन अक्षरं आणि काना. एवढ्यातून तार, तारा, रात, ताप, पार, पारा होतात आणि शेवटी तारपासुद्धा होतो. तीन अक्षरं आणि एक काना शिकलेल्या मुलाला आपल्या पाड्यावर वाजणाऱ्या वाद्याचं नाव स्वतः वाचता आलं, तर त्याला वाचनाचा उपयोग वेगळा सांगायला नको. 'चिकू' मात्र घोलवड-डहाणूच्या प्रत्येक पोराच्या ओळखीचा असला तरी सुरुवातीला जड जातो, कारण दोनच अक्षरांत वेलांटीही आहे आणि उकारही. तो चित्राखाली लिहून भिंतीवर लावावा, ओळखीने वाचू द्यावा, आणि अक्षरं सोडवून वाचायला नंतर घ्यावा. ओळखीचं आधी, अनोळखी नंतर हे अध्यापनाचं जुनंच सूत्र आहे आणि परीक्षेत ते या ना त्या रूपात येतंच.

घरची भाषा

आपल्या भागात खरा पेच इथेच आहे. मूल घरात वारली बोलतं, कुठे धोडिया, कुठे मल्हार कोळी, कातकरी. झाई-बोर्डीकडे आणि तलासरीच्या सीमेवर बोलण्यात गुजराती मिसळते. पहिलीत आल्यावर पुस्तक पुण्याकडच्या मराठीत. मूल अक्षरं जोडून शब्दाचा आवाज अगदी बरोबर काढतं, पण तो शब्द त्याने आयुष्यात ऐकलेलाच नसतो. मग अर्थ कुठून लागणार? बाहेरून आलेल्या शिक्षकाला वाटतं मूल मठ्ठ आहे.

परीक्षेत यावर उत्तर ठरलेलं आहे. मुलाची घरची भाषा ही अडचण न मानता साधन मानायची. वर्गात तिला जागा द्यायची, त्या भाषेत आधी बोलू द्यायचं आणि तिथून शाळेच्या भाषेकडे न्यायचं. 'वर्गात फक्त प्रमाण मराठीच बोलावी' असा पर्याय दिसला तर तो सोडून द्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तितकं मातृभाषेतून शिक्षण असं म्हटलं आहे, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. मुलाला जिथपर्यंत स्वतः जमतं त्याच्या पुढची पायरी कुणीतरी हात धरून चढवायची आणि मग हात सोडायचा, हे वायगॉट्स्कीचं म्हणणं याच ठिकाणी उपयोगी पडतं. पियाजे, वायगॉट्स्की, कोहलबर्ग ही नावं गाईडमध्ये असतातच. नुसती पाठ करण्यापेक्षा प्रत्येकासमोर आपल्या वर्गातलं एक मूल ठेवून बघावं.

याबाबतीत डहाणूला बाहेरून शिकायची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरवायची, हे त्यांनी इथे करून दाखवलं. अंगणवाडी हा देशभर गेलेला शब्द याच कामातून आला. ऐने इथे ग्राममंगल आणि वाडा तालुक्यात सोनाळे इथे क्वेस्ट या संस्थांनी मुलांच्या शिक्षणावर पुढे बरंच काम केलं आहे. बालशिक्षणावरच्या प्रश्नात ताराबाई आणि अनुताईंचं नाव आलं आणि डहाणूच्याच उमेदवाराचं उत्तर चुकलं, तर मग अवघड आहे.

अजून एक मुद्दा गाईडमध्ये सापडत नाही. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर निघाले की मूलही जातं. वाचनाची लय नेमकी तेव्हा तुटते. परत आल्यावर त्याला पान पुढे ढकलून उपयोग नाही, कुठपर्यंत येत होतं ते तपासून तिथूनच धरावं लागतं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी दहा मिनिटांत तपासता येतं. याला निदानात्मक चाचणी म्हणतात आणि त्यानंतरच्या मदतीला उपचारात्मक अध्यापन. हे दोन शब्द परीक्षेत गोंधळात टाकतात. मूल सतत गैरहजर राहून मागे पडलं असेल, तर ती वाचन अक्षमता नव्हे. वाचन अक्षमता म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनाची डिसग्राफिया, गणिताची डिसकॅल्क्युलिया. ही तीन नावं उलटसुलट करून विचारतात.

अभ्यासाला महागडे क्लास लागतातच असं नाही. प्रश्न पहिली ते पाचवीच्या अभ्यासक्रमावर असतात, काठिण्य मात्र माध्यमिक पातळीपर्यंत जातं. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, रेंज असेल तिथे एकदा उतरवून घ्यावीत. जुने पेपर घड्याळ लावून सोडवावेत. १५० प्रश्नांना १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. गणितात अडकून बसलं तर उताऱ्यांना वेळ उरत नाही. उतारा सोडवताना आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा. सेवेतल्या शिक्षकांनी शाळेची वेळ अभ्यासात घालवू नये, दोन शिक्षकी शाळेत एक जण पुस्तकात डोकं घालून बसला तर पहिली ते चौथी सगळी एकाच्या गळ्यात येते.

परीक्षा बहुतेक रविवारी असते. २०२४ ची १० नोव्हेंबरला झाली, २०२५ ची २३ नोव्हेंबरला, दोन्ही रविवारच. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो. नाव, जात प्रवर्ग आणि माध्यम भरताना सायबर कॅफेवाल्यावर सोडू नये, स्वतः वाचून मगच पुढचं बटण दाबावं. केंद्र प्रवेशपत्रावर बघून घ्यावं. पहिला पेपर सकाळी असतो, आणि तलासरीहून निघणाऱ्याला आधी डहाणू रोड गाठून मग गाडी पकडायची असते. त्यात रविवारी पश्चिम रेल्वेच्या गाड्या कमी धावतात. जमलं तर आदल्या दिवशी पालघरला नातेवाइकाकडे मुक्काम करावा. प्रवेशपत्र, ओळखपत्र आणि सूचनेत लिहिलेल्या रंगाचं बॉलपेन, तेही दोन, रात्रीच पिशवीत ठेवावं.