ई-मेलचे माप आणि चोवीस तासांचा हिशेब

भाव कळविणे हा आमच्या धंद्याचा जुना परिपाठ. पूर्वी भावपत्रक पोस्टकार्डावर जात असे. सांप्रत ते ई-मेलने जाते. पांढुर्ण्याच्या आमच्या पेढीवरून सौंसर, मुलताई, वरूड, काटोल, नरखेड येथील दुकानदार व दलाल मिळून ४८० जणांस आम्ही रोज सकाळी भाव कळवीत असू. या सोयीसही काही माप असेल, हा विचार कधी मनास शिवला नाही.

एके दिवशी सकाळी १० वाजता पत्रक रवाना झाले. बाराच्या सुमारास ध्यानात आले की, तुरीचा भाव क्विंटलला ७,५२० रुपये लिहावयाचा, तो ७,२५० लिहिला गेला. चूक आमचीच; मसुदा आम्हीच वाचून दिला होता. तत्काळ दुरुस्तीपत्र काढले. वीस पत्रे गेली, एकविसाव्यास नकार आला. खात्याची मर्यादा ५०० पत्रांची होती. मुनीमजी म्हणाले, "शेठजी, रात्री बारा वाजले की नवी मोजणी." दूरध्वनीवर जितके सापडले तितक्यांस कळविले आणि मध्यरात्रीपर्यंत जागलो. बारा वाजून गेले, तरी नकार कायम!

मुनीमजींची समजूत अगदीच निराधार नव्हती. काही ठिकाणी मोजणी ठरल्या घटकेस शून्यावर येते. पण त्या रीतीत बाराच्या आधी ५०० व बारानंतर ५०० अशी हजार पत्रे दहा मिनिटांत निसटू शकतात. म्हणून पुष्कळ सेवा सरकते चोवीस तास मोजतात. जे पत्र ज्या वेळी गेले, ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हिशेबातून गळते. आमची ४८० पत्रे सकाळी १० लाच सुटणार होती, उरलेली २० दुपारी बाराला. मध्यरात्रीचा त्यात संबंधच नव्हता. जीमेलच्या मोफत खात्यास दिवसाला ५०० व गूगलच्या सशुल्क व्यावसायिक खात्यास सामान्यतः २,००० पत्रांची मर्यादा आहे.

तिसरी रीत हौदाची. समजा, हौदात १०० पत्रांचे पाणी मावते व नळ ताशी २० ने भरतो. हौद भरलेला असता १०० पत्रे एकदम जातील, पुढे ताशी वीसच. आमच्या ४८० पत्रांस मग १९ तास लागले असते.

ही बंधने का, असे कोणी विचारील. १९७८ साली अमेरिकेतील एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने सुमारे ४०० जणांस न मागता जाहिरात धाडली. नको असलेल्या ई-मेलची परंपरा तेथून सांगतात. आज घेणाऱ्या सेवाही पाठविणाऱ्याची पत पाहतात. नव्या गिऱ्हाइकास आपण पहिल्याच दिवशी ट्रकभर माल उधार देतो काय? नव्या पाठविणाऱ्यासही आरंभी थोडीच पत्रे स्वीकारून मिळतात. तक्रार न आल्यास वाढतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांनी तक्रारींचे प्रमाण हजारी तिनाच्या आत राखावे, असा गूगलचा दंडक आहे. "सध्या नको, मागाहून या" असे उत्तर आले तर ते पत्र बुडाले असे नव्हे; पाठविणारे यंत्र थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि रूढ नियमाप्रमाणे चार-पाच दिवस तरी ते सोडीत नाही. बाजार समितीच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या गाडीसारखेच ते.

असो. दुरुस्ती पोचण्यापूर्वी ७,२५० च्या भावाने ४२ क्विंटल तुरीच्या मागण्या आल्या होत्या. शब्द लेखी गेला होता. माल त्याच भावाने दिला. ११,३४० रुपये आमच्या नावे पडले.

आता २०० जणांस रोज पत्रक जाते आणि उरलेल्या २८० जणांस आठवड्याच्या सहा दिवसांत वाटून, दिवसाला फार तर ४७. म्हणजे रोज २४७. दुरुस्ती धाडावी लागली तरी एकूण ४९४. सौंसरच्या दोघा-तिघांस आठवड्यातून एकदाच भाव कळतो, म्हणून त्यांची अद्याप नाराजी आहे.