आभाळातला धोंडा

फेब्रुवारी २०२५ मधली गोष्ट. आम्ही कोल्हापुरात रात्रीचा वर्ग घेत होतो. एका मावशींनी पुस्तक उघडलेच नाही. त्या म्हणाल्या, "गुरुजी, बत्तीस साली आभाळातनं धोंडा पडणार हाय म्हणं. मग आम्ही घर बांधावं का नको?"

कोणी हसले नाही. सगळ्यांनीच ती बातमी ऐकली होती. आमच्याजवळही तयार उत्तर नव्हते. मग आम्ही माहिती गोळा केली. तीच इथे सांगतो.

आपली पृथ्वी सूर्याभोवती फिरते. तसेच लाखो लहानमोठे धोंडेही फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. काही धोंड्यांची वाट पृथ्वीच्या वाटेजवळून जाते. त्यांतला एखादा कधी काळी पृथ्वीवर येऊन आदळतो.

हे खरे कशावरून? त्याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यात लोणार नावाचे गाव आहे. तिथे वाटीसारखे गोल, भले मोठे तळे आहे. काठापासून काठापर्यंत त्या खळग्याची रुंदी सुमारे १८०० मीटर भरते. म्हणजे एका काठावरून निघून सरळ पलीकडे चालत जाता आले असते, तर वीस-पंचवीस मिनिटे लागली असती. तळ्याचे पाणी खारे आहे. तिथे लवणासुर राहत होता व विष्णूने त्याला मारले, अशी कथा सांगतात. पुढे काही जण म्हणू लागले की, हे ज्वालामुखीचे तोंड असावे. मग शास्त्रज्ञांनी तिथला कातळ तपासला. आपल्या पन्हाळ्याला दिसतो, तसलाच तो काळा कातळ. पण त्यात भयंकर धक्का बसल्याच्या खुणा सापडल्या. वितळून झालेले काचेचे मणीही सापडले. आभाळातून आलेल्या धोंड्यानेच हा खळगा पाडला, हे १९७३ च्या सुमारास पक्के झाले. ही गोष्ट फार फार पूर्वीची आहे.

आता मावशींच्या धोंड्याकडे येऊ. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिली देशातल्या एका दुर्बिणीला तो दिसला. त्याचे नाव २०२४ वाय. आर. ४. रुंदी सुमारे ६० मीटर. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर पडण्याचा थोडा संभव आहे, असे गणित निघाले. पडलाच तर कुठे, त्याचाही पट्टा काढला होता. त्यात अरबी समुद्र व दक्षिण आशिया, म्हणजे आपली बाजूही होती. १८ फेब्रुवारी २०२५ ला हा संभव शंभरात तीन इतका झाला. लोक घाबरले. पण आठवडा संपायच्या आत तोच आकडा जवळजवळ शून्यावर आला. २०३२ साली हा धोंडा पृथ्वीवर पडणार नाही, असे शास्त्रज्ञांनी सांगितले.

आधी वाढला, मग एकदम उतरला. हे कसे? शास्त्रज्ञ चुकले काय? नाही.

समजा, तुमची म्हैस दावे तोडून पळाली. दहा शेतांपैकी कुठल्या तरी एकात ती शिरली, एवढेच कळले. त्यांतले एक शेत तुमचे. म्हणजे ती तुमच्याच उसात असण्याचा संभव दहात एक. गड्याने बाकीच्यांतली सहा शेते धुंडाळली. म्हैस नाही. आता चार शेते उरली. संभव चारात एक झाला. आकडा वाढला, पण म्हैस तुमच्या उसाकडे सरकली का? नाही. वाढली ती आपली माहिती. इतक्यात हाक येते, "वड्याकडंच्या रानात हाय!" झाले. तुमचा ऊस वाचला.

धोंड्याचे असेच झाले. आरंभी त्याची वाट नीट ठाऊक नव्हती. रोज मोजमाप होत गेले, तशी ती वाट नेमकी कळत गेली. शेवटी पृथ्वी त्या वाटेबाहेर राहिली.

मग भीती अगदीच नाही, असे म्हणावे काय? तसेही नाही. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्क शहराजवळ, जेमतेम २० मीटरचा धोंडा हवेतच फुटला. आधी डोळे दिपवणारा उजेड पडला. लोक पाहायला खिडकीशी धावले. वीज चमकल्यावर गडगडाट मागून येतो ना, तसा इथे हवेचा धक्का मागून आला. तावदाने फुटली. सुमारे १५०० माणसे जखमी झाली, ती बहुतेक काचांनी. म्हणून एवढे ध्यानात ठेवा: आभाळात असा प्रचंड उजेड दिसला, तर खिडकीपासून दूर व्हा.

माणूस आता नुसता पाहत बसलेला नाही. २६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने एक यान डायमॉर्फस नावाच्या धोंड्यावर मुद्दाम आदळवले. या धोंड्यापासून आपल्याला धोका नव्हता. ती चाचणी होती. त्या धडकेने धोंड्याची चाल बदलली. तेव्हा बरीच वर्षे आधी कळले, तर येणारा धोंडा बाजूला ढकलता येईल, अशी आशा आहे.

थोर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात १९३८ साली जन्मले. पृथ्वीवर धूमकेतू येऊन आदळणार, अशा संकटावर त्यांनी मराठीत गोष्टही लिहिली. घाबरून होम करण्यापेक्षा मोजमाप व विज्ञान कामाला येते, हे त्यांनी जन्मभर लोकांना सांगितले.

१३ एप्रिल २०२९ रोजी ॲपोफिस नावाचा, तीनशे मीटरांहून मोठा धोंडा पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार आहे. तो आदळणार नाही. निदान शंभर वर्षे तरी त्याचा धोका नाही, हे मोजून ठरले आहे. तरी त्या सुमारास अफवा उठतील. तेव्हा बातमी स्वतः वाचा. धोंडा केवढा? संभव शंभरात किती? सांगणारा कोण? आणि आज तोच आकडा आहे की बदलला? एवढे पाहा, मगच पुढे सांगा.

आमच्या मावशींनी हे सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "म्हंजे पाया खणायला हरकत न्हाई." आणि त्यांनी पुस्तक उघडले.