चूक माणसाची की कामाच्या पद्धतीची? पोका-योके समजून घेऊ

आज पोशीरच्या घरून बोलतोय. मागे पत्र्यावरच्या पावसाचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

परवा माझा मावसभाऊ तोंड पाडून घरी आला. खालापूरकडच्या एका कारखान्यात तो पॅकिंगला आहे. एका पाकिटात चार स्क्रू टाकायचे, एवढंच काम. कुठूनतरी तक्रार आली की तीनच निघाले. साहेबांनी दिवसाचा पगार कापला. मला म्हणाला, "दादा, दिवसभर तेच तेच करताना कुणाचं लक्ष राहील?"

नाहीच राहणार. आणि हेच जपानच्या शिगेओ शिंगो या इंजिनिअरनं १९६१ मध्ये ओळखलं. एका कारखान्यात दोन बटणांचा स्विच बनायचा. प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कधीतरी एखादी राहून जायची. मग ओरडा बसायचा, चार दिवस नीट चालायचं, परत तेच. शिंगोंनी एवढंच केलं: आधी दोन स्प्रिंग काढून एका बशीत ठेवायच्या, मग काम सुरू. शेवटी बशीत स्प्रिंग उरली, तर चूक तिथंच कळते. माल बाहेर जातच नाही.

या पद्धतीला आधी बाका-योके म्हणायचे. बाका म्हणजे मूर्ख. ते ऐकून एक कामगार बाई रडली. मग नाव बदललं: पोका-योके. पोका म्हणजे नकळत झालेली चूक.

याचे दोन प्रकार. एक, चूक होऊच द्यायची नाही. तुमच्या सिमकार्डचा कापलेला कोपरा बघा, उलटं घातलं तर ट्रेमध्ये बसतच नाही. दुसरा, चूक झाली की लगेच दाखवायची, त्या बशीसारखी.

आमच्या कोडिंगमध्येही हेच. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी टेस्टचा समजून खऱ्या सर्व्हरवरचा डेटा उडवला होता. सिनिअर ओरडले नाहीत. त्यांनी सिस्टीम बदलली: काहीही उडवायचं तर आधी सर्व्हरचं पूर्ण नाव टाइप करा.

तर काल आम्ही दोघांनी एका लाकडी ठोकळ्यात ड्रिलनं चार खड्डे पाडले. प्रत्येकात एक स्क्रू ठेवायचा, मग ठोकळा पाकिटात उलटा करायचा. खड्डा रिकामा असला तर डोळ्यांना दिसतोच, मोजायची गरज नाही.

सोमवारी तो ठोकळा साहेबांना दाखवणार आहे. काय म्हणतात ते पुढच्या भागात सांगतो. भेटू!