प्रकाशाने बदललेले कापड

देवनारच्या कचराभूमीत १९२७ पासून मुंबईचा कचरा साचत गेला. त्यातली सुती चिंधी हळूहळू कुजून मातीला मिळते, पॉलिएस्टरची साडी मात्र वर्षानुवर्षे तशीच राहते. या धाग्यात पाणी शिरत नाही, जीवाणूंचेही त्याच्यापुढे फारसे चालत नाही. जे कापड मातीत विरत नाही, तेच अंगावरचा घामही शोषत नाही. सर्वसाधारण हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरतो; पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. मुंबईच्या दमट हवेत टेरिलिनचा सदरा अंगाला का चिकटतो, हे आता लक्षात येईल.

यावर कारखान्यांचा जुना उपाय म्हणजे कॉस्टिक सोडा. त्याच्या गरम द्रावणात धाग्याचा वरचा थर झिजतो, कापड मऊ होते. पण त्याला भरपूर पाणी लागते आणि सांडपाणी शुद्ध करण्याचा खर्च मागे लागतो.

मग पाण्याविना धाग्याची नुसती त्वचा बदलता येईल का? येते, लेसरने. एक्सायमर जातीचा लेसर अतिनील प्रकाशाचे अतिशय अल्पकाळ टिकणारे झोत टाकतो. प्रत्येक झोताने धाग्याचा मायक्रॉनहूनही पातळ थर उडतो; आतला गाभा तापतही नाही. धागा तयार करताना तो ताणलेला असतो. तो ताण पृष्ठभागावर मोकळा होतो आणि काचकांडीसारख्या गुळगुळीत धाग्यावर हत्तीच्या सोंडेसारख्या आडव्या वळ्या उमटतात. त्यामुळे कृत्रिम चकाकी कमी होते, रंग गडद दिसतो, वरचा लेप घट्ट धरतो. झोत सौम्य ठेवला तर वळ्या पडत नाहीत. पृष्ठभागाशी ऑक्सिजन जोडला जातो आणि पाणी कापडावर पसरू लागते. म्हणजे सारी किमया मात्रेची! जर्मनीत १९८०च्या दशकापासून आणि पुढे हाँगकाँगमध्ये यावर बरेच संशोधन झाले.

कापड उद्योगात अधिक रुळलेला लेसर मात्र वेगळा, कार्बन डायऑक्साइडचा. तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत शोधला कुमार पटेल यांनी. त्यांचा जन्म १९३८चा, बारामतीचा. अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यातले. या लेसरचा किरण उष्णतेने काम करतो. त्याने पॉलिएस्टर कापले की कड वितळून बंद होते, दशा सुटत नाहीत. कापडावर नक्षीही कोरता येते.

अर्थात अडचणी आहेत. किरण समोरच्याच बाजूवर पडतो, यंत्रे महाग आहेत आणि मात्रा चुकली तर धागा कमजोर होतो. म्हणून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, हा दुसरा कोरडा मार्गही चोखाळला जातो. देवनारजवळच घाटकोपरला, १९५४ साली स्थापन झालेल्या बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशनमध्येही त्यावर काम झाले आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. लेसरने घाम कापडावर पसरून लवकर सुकेल, कारखान्याचे पाणीही वाचेल. पण गाभा पॉलिएस्टरचाच राहील. तो सदरा टाकून दिल्यावर देवनारला पूर्वीसारखाच पडून राहणार. तेव्हा कापड सुधारले तरी ते अधिक दिवस वापरणे, एकाने वापरून दुसऱ्याला देणे, हे काम आपल्याकडेच उरते.