उसातला चकवा

भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांवर श्रीरामपूरच्या आसपास ऊस वाढला, आणि आमच्या लहानपणीचा चकवा या उसातच राहायचा. रात्रीचं भरणं करायला गेलेला माणूस फडात शिरला की उजाडेपर्यंत त्याच त्याच बांधावर फिरतो, असं आजी सांगायची. लगेच उपायही सांगायची: वाट सापडेना तर पळू नको, आहेस तिथंच बस, दिवस उगवू दे. खरोखर वाट चुकलेल्या पोरालाही मी हेच सांगेन.

या गोष्टींतली मला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची शिस्त. हाकामारीनं रात्री नावानं हाक मारली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. मुंजा आपला पिंपळ सोडत नाही. मुंज होऊन लग्नाआधीच गेलेला मुलगा तो, त्यामुळे भीतीसोबत त्याची कीवही यायची. नियम ठाऊक झाला की अंगावर काटा असतानाही आजीला बिलगून झोप लागायची.

पुढे नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा वाचनालयातून घरी आल्या. मोठ्यांची झोप उडवणाऱ्या मतकरींनीच मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ या नाटकातली चेटकीण उभी केली. ती आधी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, २०१८च्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी. भीती आणि हसू एकाच वेळी देणं फार थोड्यांना जमतं.

आता ३१ ऑक्टोबरला हॅलोविनचे मुखवटे दिसतात. त्यांना माझा विरोध नाही. मुलांना मिळून घाबरायला आवडतं, ते सगळीकडे सारखंच. पण मुखवट्यामागे गोष्ट नसते, याचं वाईट वाटतं. इकडे उसातली भीती आज बिबट्याची आहे, अगदी खरी, आणि ती मुलांपर्यंत मोबाइलवरच्या चित्रफितींतून पोचते. शेजारी बसून उपाय सांगणारं तिथं कुणी नसतं.

म्हणून हॅलोविनच्या संध्याकाळी घरच्यांनी गोष्टी सांगाव्यात. चार-पाच वर्षांच्यांना भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी, जरा मोठ्यांना बकासुर. चकवा दहा वर्षांपुढच्यांना. आणि भीतीची गोष्ट उद्यावर ठेवू नये, त्याच रात्री पुरी करावी.