होडींतील मासेमारी आणि अंगावरचें लाइफ जॅकेट

शेतकीच्या मासिकांत होडीचा आणि जाळ्याचा विषय आलेला पाहून कांहीं वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या गांवांच्या जमिनी धरणांच्या पाण्याखालीं गेल्या, त्या गांवचा शेतकरी आतां निम्मा नावाडी झाला आहे, हें आपण नित्य पाहतों. कोणी पलीकडच्या काठच्या वावरास होडीनें जातो, कोणी सहकारी संस्थेचा सभासद होऊन जलाशयांत जाळें टाकतो, कोणी शेततळ्यांत मासे सोडून तराफ्यावरून त्यांस खाद्य घालतो. विहिरीस कठडा आणि विजेच्या पंपास आर्थिंग आपण निमूटपणें करून घेतों. पाण्यावर जातांना मात्र देवावर हवाला ठेवून निघतों. म्हणून लाइफ जॅकेट कसें निवडावें, कसें घालावें आणि कायदा त्याविषयीं काय म्हणतो, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक महसूल खात्यांत कारकून होता. एकदां एका जलाशयावर होडी उलटल्याचें वर्तमान आलें व पंचनाम्यासाठीं तलाठ्यांबरोबर मला जावें लागलें. तिघेजण पहांटे जाळें उचलण्यास गेले होते. एक वल्ह्यास धरून वांचला, दोघे गेले. होडी काठास ओढून आणली होती. तिच्यांतील वस्तूंची यादी मीं स्वहस्तें लिहिली: होडी एक, वल्हें एक, नायलॉनचें जाळें, भाकरीचा डबा, आणि लाइफ जॅकेट, नग तीन, सुस्थितींत. तीं तिन्हीं फळीखालीं सुतळीनें बांधलेलीं, दुकानांतून आणलेल्या पिशवींतच होतीं. माणशी एक या हिशेबानें साधन पुरें होतें. नोंदींत कांहीं उणें काढण्यास जागा नव्हती. गेलेल्यांपैकीं एकजण पंचक्रोशींत पट्टीचा पोहणारा म्हणून प्रसिद्ध होता. "सुस्थितींत" हा शब्द लिहितांना हात अडखळला, तो मला अजून आठवतो.

पोहतां येणारा कसा बुडतो, असा प्रश्न गांवोगांव विचारला जातो. तळ्यांत उघड्या अंगानें, दिवसां, आपल्या इच्छेनें उडी घेणें निराळें आणि होडींतून अकस्मात् पडणें निराळें. पडतांना होडीची कड डोक्यास लागते. एकाएकीं थंड पाण्यांत गेलेला मनुष्य नकळत मोठा श्वास ओढतो आणि त्याबरोबर पाणी आंत जातें. जाळें पायास गुरफटतें. पागणाराच्या तर मनगटास पागाची दोरी बांधलेली असते. शिवाय धरणाच्या पाण्यांत बुडालेल्या बाभळी, जुनीं कुंपणें व तारा असतात, त्यांची माहिती वर दिसत नाहीं. ह्या सर्वांतून सुटावयास दोन मिनिटें लागलीं तरी तेवढा वेळ तोंड पाण्याबाहेर कोणी धरावें? तेंच काम जॅकेट करतें.

वाऱ्याविषयीं भीमेवरील उजनीच्या जलाशयाची गोष्ट वाचकांस ठाऊकच असेल. २१ मे २०२४ रोजीं सायंकाळीं करमाळा तालुक्यांतील कुगांवहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यांत सांपडून उलटली. सहाजण बुडाले, त्यांत दोन लहान मुलें होतीं; एकटा मनुष्य पोहून काठास लागला. ती होडी उतारूंची होती, मासेमारीची नव्हे. तथापि वळवाचा वारा तसा भेद करीत नाहीं. त्या दिवसांत दुपारनंतर ढग चढूं लागले कीं जाळें पाण्यांत राहिलें तरी चालेल, परंतु होडी काठास असावी.

पूर्वीं आपल्याकडे मुलांस पोहावयास शिकवितांना पाठीस पांगाऱ्याचा ठोकळा अथवा कमरेस सुका भोपळा बांधीत, हें वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. जॅकेटांतील तत्त्व तेंच आहे. हलक्या, हवा कोंडलेल्या वस्तूच्या आधारें जड वस्तु तरंगते. मनुष्याचें शरीर पाण्यांत मुळींच जड नसतें. साधारण प्रौढ मनुष्यास डोकें वर ठेवण्यास तीनपासून पांच किलोपर्यंतचा जादा उचल पुरतो. मग भोपळा काय वाईट, असें कोणी म्हणेल. भोपळा कमर उचलतो. शुद्ध हरपलेल्या मनुष्याची कमर वर आणि तोंड खालीं गेलें तर त्या उचलाचा उपयोग काय? चांगल्या जॅकेटाचा बहुतेक भराव म्हणून छातीवर व मानेमागें असतो, व तो मनुष्यास उताणा करून तोंड आकाशाकडे ठेवतो. ट्रॅक्टरची ट्यूब किंवा थर्मोकोलचा तराफा ह्यांसही हीच हरकत आहे. हात सुटला कीं आधार सुटला.

पहिलीं जॅकेटें बुचाच्या लांकडाचीं असत. पुढें सावरीच्या जातीच्या झाडाचा कापूस, ज्यास व्यापारांत कापोक म्हणतात, तो त्यांत भरूं लागले. त्याचा धागा आंतून पोकळ व वरून मेणचट असल्यामुळें पाणी लवकर घेत नाहीं. मात्र तो चेंगरला किंवा त्यास तेल लागलें कीं निकामी होतो. आतां बंद छिद्रांचा फोम वापरतात, व आपल्या उपयोगास तोच उत्तम. बुचाच्या जॅकेटाची एक गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. १८६१ च्या फेब्रुवारींत इंग्लंडांतील व्हिटबी बंदरीं वादळांत सांपडलेल्यांस सोडविण्यास गेलेली बचावनौका उलटली व तिच्यावरील तेरांपैकीं बारा खलाशी मेले. जो एक वांचला, त्या हेन्री फ्रीमन याच्या अंगावर नव्या पद्धतीचें बुचाचें जॅकेट होतें.

खरेदी करतांना रंग आणि किंमत पाहण्याआधीं आंतील शिक्का वाचावा. त्यावर इंग्रजी आंकड्यांत ५०, १००, १५० किंवा २७५ असा अंक असतो. हें उचलाचें माप न्यूटनमध्यें असून दहा न्यूटन म्हणजे सुमारें एक किलो धरावा. ५० चें साधन चांगल्या पोहणारासाठीं, तेंही मदत जवळ असतां. बेशुद्ध मनुष्यास तें उताणें करील असा भरंवसा नाहीं. जलाशयावर जाळें टाकणारानें १०० पेक्षां कमी घेऊं नये, आणि रात्रीं किंवा मोठ्या पात्रांत जाणारानें १५० चें घ्यावें, असें माझें मत आहे. शिक्क्यावर किती वजनाच्या मनुष्यासाठीं हें लिहिलेलें असतें. प्रौढाचें जॅकेट मुलास घालणें धोक्याचें आहे. मूल खालून निसटून जातें व जॅकेट वर तरंगत राहतें. मुलाच्या जॅकेटास मानेमागें धरून उचलण्यास बंद असावा. आपल्या देशांत नौवहन महासंचालनालयाची मान्यता किंवा इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचा छाप असलेला माल मिळतो. सहलीच्या ठिकाणीं टांगलेल्या विनाशिक्क्याच्या मालापेक्षां तो महाग पडला तरी घ्यावा. वायूच्या नळकांड्यानें फुगणारीं जॅकेटें सुटसुटीत खरीं, परंतु नळकांडें एकदां फुटलें कीं नवें बसवावें लागतें व मधून मधून तपासावें लागतें. तालुक्याच्या गांवीं ही सोय कोठें आहे?

विक्रेत्याच्या शब्दावर न जातां घरीं परीक्षा करतां येते. १०० चा शिक्का असलेलें पूर्ण मापाचें जॅकेट घेऊन त्यास दहा किलोचें लोखंडी वजन बांधावें व दोरीनें विहिरींत सोडावें. लोखंड पाण्यांत आपल्या वजनाचा सातवा-आठवा हिस्सा हलकें होतें, म्हणजे जॅकेटावर पावणेनऊ किलोच्या आसपास भार येतो. रात्रभर तें वर राहिलें पाहिजे. सकाळीं तें बुडालेलें आढळल्यास दोरीनें ओढून काढावें आणि पावतीसह दुकानदाराकडे परत न्यावें.

घालण्याची रीत सोपी आहे, परंतु लोक तिच्यांतच चुकतात. काठ सोडण्यापूर्वीं जॅकेट अंगावर घालून सर्व पट्टे व बंद आंवळावेत. मग दोन्हीं हात वर करावे आणि दुसऱ्यानें खांद्यापाशीं धरून तें वर ओढावें. तें हनुवटीच्या वर आलें तर एक तर सैल आहे, किंवा मोठें आहे. पाण्यांत तें त्याहून अधिक वर सरकतें, म्हणून मांड्यांमधून घेण्याचा पट्टा दिलेला असतो. धोतर किंवा लुंगी नेसणारे तो पट्टा लाजेनें मागें सोडून देतात. त्यापेक्षां हाफ पँट घालावी अगर कासोटा घट्ट मारावा. पहांटेच्या थंडींत जॅकेटावर स्वेटर किंवा घोंगडी घेऊं नये; कपडे आंत, जॅकेट बाहेर. शिट्टी बंदास बांधलेली असावी. अंधारांत उजेड पडतांच चमकणाऱ्या पट्ट्या जॅकेटावर असतात, त्या चिखलानें भरूं देऊं नयेत. शोधणाराच्या विजेरीस त्याच दिसतात.

जाळें टाकणारे मच्छीमार एक हरकत घेतात व ती खोटी नाहीं. बंद आणि बकलें यांत जाळ्याचे फांसे अडकतात. ह्यास उपाय असे कीं बाहेरून गुळगुळीत कापडाचें, पुढें चेन असलेलें जॅकेट निवडावें, पट्ट्यांचीं लोंबतीं टोकें आंत खोंवावींत, आणि जाळें कापण्यापुरती लहान सुरी दोरीनें गळ्याशीं ठेवावी. उकाड्याची हरकतही खरीच. तेवढ्यासाठीं बाजूंस मोकळें व दंडास रुंद असें जॅकेट घ्यावें; परंतु मध्यें काढून ठेवण्याची संवय लावून घेऊं नये.

आतां कायद्याविषयीं. १९१७ चा जुना अंतर्देशीय नौकांचा कायदा जाऊन त्याच्या जागीं २०२१ चा अंतर्देशीय जहाज अधिनियम आला. यंत्रानें चालणाऱ्या नौकेची नोंदणी व तपासणी आणि तिच्यावरील जीवरक्षक साधनें यांचा विचार त्यांत केला आहे, व वल्ह्याच्या नावांसाठींही त्यांत स्वतंत्र प्रकरण घातलें आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानें २०१७ सालीं नौकासुरक्षेविषयीं मार्गदर्शक सूचना काढल्या. परंतु एवढें लक्षांत घ्यावें कीं नौकेवरील साधन मोजणें कायद्यास सोपें जातें. ऐन पाण्यांत तें कोणाच्या अंगावर आहे हें पाहण्यास तेथें अंमलदार नसतो. अमेरिकेंत नौकेवर माणशी एक जॅकेट ठेवण्याची सक्ती आहे. तरीही तेथील तटरक्षक दलाच्या २०२२ सालच्या अहवालांत, करमणुकीच्या नौकांच्या अपघातांत बुडून मेलेल्यांपैकीं ज्यांची माहिती मिळाली त्यांतील शेंकडा ८५ जणांच्या अंगावर जॅकेट नव्हतें. तेथें तेरा वर्षांखालील मुलांस नौका चालू असतां तें घालावेंच लागतें.

ज्या संस्थेकडे जलाशयाचा ठेका आहे, तिनें सरकारच्या हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. सर्वसाधारण सभेंत ठराव करून असें ठरवितां येतें कीं ज्याच्या अंगावर बांधलेलें जॅकेट नसेल, त्यास होडींत पाय ठेवूं देऊं नये व त्या दिवसाचा त्याचा माल संस्थेनें घेऊं नये. वजनकांट्यावरील मनुष्यास ही अट पाळवितां येते. नावाड्यास एकट्यास ती जमत नाहीं, कारण होडींत बसणारा बहुधा त्याचा चुलता किंवा मेव्हणाच असतो.

२०२३ सालीं सुरू झालेल्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेंत शेतकरी बुडून मेल्यास वारसांस दोन लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्जाबरोबर सातबारा, वारसाचा दाखला, पंचनामा व शवविच्छेदनाचा अहवाल लागतात. हे कागद गोळा करणारी बाई कचेरीच्या पायरीवर कशी बसते, तें मीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. ५० किंवा १०० न्यूटनच्या भेदावर मीं एवढी शाई खर्चिली, ती त्याच कारणानें.

शेततळ्याविषयीं एकच सूचना. प्लॅस्टिक अंथरलेल्या तळ्याचा उतार शेवाळानें इतका निसरडा होतो कीं पोहणारासही बाहेर येतां येत नाहीं. तेथें खाद्य घालणारानें जॅकेट घालावेंच, शिवाय गांठी मारलेला दोर चारी बाजूंस सोडून ठेवावा.

वापरल्यावर जॅकेट गोड्या पाण्यानें धुवून सावलींत टांगावें. उन्हानें कापड विरतें. त्यावर बसूं नये व जड ओझें ठेवूं नये, कारण फोम दबला कीं उचल कमी होतो. डिझेल व वंगण यांपासून तें दूर असावें. धान्याच्या कोठीशेजारीं ठेवल्यास उंदीर शिवण कुरतडतात, म्हणून तारेवर उंच टांगणें बरें. वर्षांतून एकदां, मृगापूर्वीं, शिवण व बंद जोरानें ओढून पाहावे आणि वर सांगितलेली विहिरींतील परीक्षा पुन्हां घ्यावी.